नांवाचा शिक्का आणि कांचेची साक्ष

चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही असते. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव व शक सांपडतो. ताम्रपटांत दान देणाऱ्याचें, घेणाऱ्याचें आणि कित्येकदां तो कोरणाऱ्याचेंहि नांव असतें. कांचेच्या भांड्याची गोष्ट निराळी आहे. तें घडत असतें तेव्हां इतकें तप्त असतें कीं त्याला हात लावतां येत नाहीं. आणि निवून हातांत घेण्याजोगें होतें तोंवर त्याचा घडविणारा पुढच्या भांड्याकडे वळलेला असतो. यामुळें जगांतील बहुतेक जुनी कांच अनामिक राहिली आहे. साध्या पेल्याच्या बाबतींत याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु एखादा रंगीत, झळाळता, हातानें घडविलेला वाडगा पुढें आला कीं पहिला प्रश्न उठतो तो हाच: हा केला कोणी?

अशा वाडग्याचें एक सामान्य रूप वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. घाट ओंजळीएवढा, कांठ तीन-चार ठिकाणीं बोटांनीं चिमटल्यासारखा मुडपलेला, अंगाचा रंग निळसर हिरवा, पण प्रकाशांत फिरविला असतां त्यावरून सोनेरी, जांभळी व मोरपंखी झाक सरकत जाते, बुडाशीं एक गुळगुळीत वाटोळा खळगा, आणि अक्षर म्हणून एकहि नाहीं. १९०० सालाच्या आगेंमागें झालेले असे वाडगे यूरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांतून, लिलावगृहांतून व जुन्या कुटुंबांच्या कपाटांतून पुष्कळ आढळतात. त्यांतील एखाद्यास 'टिफनी' म्हटलें तर एक किंमत येते, 'लोट्झ' म्हटलें तर दुसरी, आणि 'बोहेमियन, कर्ता अज्ञात' म्हटलें तर तिसरी. वाडगा मात्र तोच असतो. शब्दागणिक ज्याची किंमत बदलते त्या वस्तूविषयीं लोक खरे बोलतील अशी अपेक्षा करणें कठीण. म्हणून या शोधाची रीत काय असावी याचा विचार करणें अगत्याचें आहे. आमचें मत असें कीं, भांड्यावरील नांव हा साक्षीदार सर्वांत शेवटीं तपासावा. तो पुष्कळदां खोटें बोलतो, आणि त्याच्या खोटेपणाचें नुकसान गिऱ्हाइकाच्या थैलीपुरतें राहत नाहीं; तें इतिहासासहि सोसावें लागतें.

प्रथम ही झळाळी आली कोठून तें पाहूं. तिचा उगम झिजेंत आहे. रोमन साम्राज्याच्या काळीं भूमध्य समुद्राच्या कांठीं फुंकलेलीं भांडीं थडग्यांतून व ढिगाऱ्यांतून शेंकडों वर्षें पडून राहिलीं. ओल्या मातीनें कांचेंतील क्षार हळूहळू ओढून घेतले, पृष्ठभागाचे कागदाहून पातळ पापुद्रे सुटले, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्या पापुद्र्यांवर खेळूं लागले. एकोणिसाव्या शतकांत उत्खननें वाढलीं, हीं भांडीं संग्रहालयांत येऊन बसलीं, आणि जें करावयास मातीला हजार-दीड हजार वर्षें लागलीं तें भट्टीच्या तोंडाशीं एका क्षणांत करतां येईल काय, असा विचार कांच करणाऱ्यांच्या मनांत आला. त्या काळच्या हंगेरींतील झ्लात्नो येथें लिओ पांतोचेक या रसायनज्ञानें शतकाच्या मध्यासच या कामीं यश मिळविलें होतें. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनांत तेथील लोबमायर पेढीनें अशी इंद्रधनुषी कांच मांडली, आणि मग यूरोपभर तिचें वेड लागलें.

कृति ऐकावयास सोपी आहे. भांडें घडून झालें, पण अद्याप धगधगतें आहे, अशा वेळीं कथलाच्या किंवा लोहाच्या क्षारांची वाफ त्यावर सोडावयाची. त्या वाफेंतून कांचेच्या अंगावर धातूच्या भस्माचा अतिशय पातळ थर बसतो, आणि प्रकाश त्या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परततांना रंगांत फुटतो. थर किती जाड बसला, भांडें किती तापलेलें होतें, खालच्या कांचेचा रंग कोणता, यांवर झळाळीचें रूप अवलंबून. अशी कृति फार दिवस गुप्त राहूं शकत नाहीं. एका भट्टींतला कारागीर दुसऱ्या भट्टींत गेला कीं ती त्याच्याबरोबर जाते. म्हणून केवळ झळाळी पाहून कर्ता सांगणें म्हणजे केवळ लुगड्याचा रंग पाहून विणकराचें नांव सांगण्यासारखें आहे.

या झळाळत्या कांचेच्या इतिहासांत दोन नांवें फार मोठीं झालीं. एक न्यूयॉर्कचा लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३). प्रसिद्ध जवाहिऱ्याचा हा मुलगा प्रथम चित्रकार होता. पुढें तो गृहशोभनाकडे व रंगीत कांचेच्या खिडक्यांकडे वळला, आणि १८९३ च्या सुमारास त्यानें न्यूयॉर्कजवळ कोरोना येथें स्वतःची भट्टी घातली. तिची व्यवस्था पाहावयास त्यानें आर्थर नॅश या इंग्रज तज्ज्ञास नेमिलें. हा स्टूरब्रिज या इंग्लंडांतील कांचेच्या जुन्या केंद्रांतून आलेला. आपल्या कांचेला टिफनीनें 'फाव्रील' हें नांव दिलें आणि १८९४ सालीं तें नोंदवून घेतलें. हातानें घडविलेलें, असा अर्थ त्या नांवाच्या मुळाशीं आहे. दुसरें नांव बोहेमियांतील लोट्झ. हा कारखाना शुमावा पर्वताच्या रानांत क्लोस्टरम्यूले या खेड्यांत होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत टिफनी व लोट्झ या दोघांनाहि मोठें पारितोषिक मिळालें. टिफनीची कांच श्रीमंती दुकानांत एका नामवंत कलावंताची कृति म्हणून विकली जाई. बोहेमियाची कांच पेटाऱ्यांत भरून व्यापाऱ्यांकडे जाई. पुढच्या साऱ्या घोंटाळ्याचें बीज या भेदांत आहे.

आतां नांवाच्या साक्षीकडे वळूं. टिफनीच्या भांड्यांच्या बुडाशीं 'एल. सी. टी.' हीं आद्याक्षरें किंवा पुरें नांव, आणि त्यासोबत कांहीं आंकडे कोरलेले असतात. परंतु तीं अक्षरें टिफनीनें स्वतः कोरलेलीं नसत, तें काम कारखान्यांतील माणसें करीत. आणि भांडेंहि त्यानें फुंकलेलें नसे. म्हणजे खऱ्या सहीचाहि अर्थ 'हें मीं केलें' असा नसून 'हें माझ्या भट्टींतून निघालें' एवढाच आहे. शिवाय कांचेवर अक्षरें खोदावयास एक लहानसें फिरतें हत्यार पुरतें, आणि तें कोणासहि विकत मिळतें. टिफनीच्या अखेरच्या वर्षांत लोकांची आवड पालटली, ही कांच जुनाट वाटूं लागली आणि तिला कोणी विचारीनासें झालें. परंतु १९५० नंतर पुन्हां वारें फिरलें आणि किंमती भराभर चढल्या. त्याबरोबर नि:शब्द बोहेमियन वाडग्यांच्या बुडाशीं 'एल. सी. टी.' उगवूं लागलें. कारण उघड होतें. लोट्झचा बराचसा माल शिक्क्यावांचून विकला गेलेला. घाट उत्तम, झळाळी उत्तम, बूड कोरें. कोऱ्या कागदावर खोटी सही करणें हें कोऱ्या दगडावर मूर्ति घडविण्यापेक्षां केव्हांहि सोपें असतें.

सही खरी असूनहि साक्ष फसवी ठरते अशीहि उदाहरणें आहेत. फ्रेडरिक कार्डर हा स्टूरब्रिजकडचाच कारागीर. १९०३ सालीं अमेरिकेंत जाऊन त्यानें कॉर्निंग येथें स्टूबेन कारखाना उभारण्यांत पुढाकार घेतला आणि पुढच्याच वर्षीं 'ऑरीन' नांवाची सोनेरी व निळी झळाळती कांच काढली. ती फाव्रीलशीं इतकी मिळतीजुळती होती कीं १९१३ सालीं टिफनीच्या कारखान्यानें स्टूबेनवर फिर्याद लावली. दुसऱ्या वर्षीं ती सोडून देण्यांत आली. हा कार्डर शंभर वर्षें जगला, १९६३ सालीं वारला. त्याच्या उतारवयांत संग्राहक जुनीं भांडीं घेऊन त्याच्याकडे येत, आणि तो त्यांवर आपलें नांव कोरून देई. सही अस्सल, हात अस्सल. पण ती भांड्याच्या जन्मकाळची नव्हे, कित्येक वर्षांनंतरची.

याहून विलक्षण प्रकार साच्याच्या कांचेचा. वेस्ट व्हर्जिनियांतील फेंटन कारखान्यानें १९०७ च्या सुमारास अशी युक्ति काढली कीं, भांडें लोखंडी साच्यांत दाबून काढावयाचें आणि तप्त असतांच त्यावर क्षार फवारावयाचे. टिफनीची झळाळी मग सामान्य गृहिणीच्या कपाटांत आली. पुढें अशा मालास 'कार्निव्हल' म्हणजे जत्रेंतली कांच म्हणूं लागले. फेंटननें आपल्या त्या जुन्या मालावर भांड्यांतच उमटलेलें नांव घातलें नाहीं. १९७० सालीं ही कांच नव्यानें काढतांना मात्र लंबवर्तुळांत नांव घालण्यास सुरुवात केली. त्यामुळें या कारखान्याच्या बाबतींत नांव असणें हाच माल अलीकडचा असल्याचा पुरावा ठरतो, आणि जुनें भांडें कोरें निघतें! नांवाकडे धांव घेणारा माणूस येथें हमखास उलटें अनुमान काढील.

लोट्झ या नांवाची कथा तर नांवावर भिस्त ठेवणाऱ्यांनीं अवश्य ऐकावी. क्लोस्टरम्यूलेचा कारखाना १८३६ सालीं स्थापन झाला, तो योहान आइस्नर यानें. योहान लोट्झ हा कांच-व्यवसायांतला माणूस खरा, पण या कारखान्याचा तो कधींहि मालक नव्हता. तो वारल्यावर त्याची विधवा सुझाना हिनें दुसरा विवाह केला, आणि १८५० नंतरच्या दशकांत हा कारखाना तिच्या व तिच्या दुसऱ्या पतीच्या हातीं आला. तोहि पति लौकरच वारला. सुझानानें एकटीनें कारभार चालविला आणि पेढीचें नांव ठेविलें 'योहान लोट्झ याची विधवा'. १८७९ सालीं तिचा नातू माक्स फोन श्पाउन यानें सूत्रें हातीं घेतलीं, आणि ज्या कांचेमुळें हें नांव जगभर गाजलें ती त्याच्या कारकीर्दींत झाली. म्हणजे आज संग्रहालयांत ज्या पुरुषाच्या नांवाची पाटी लावतात त्यानें ती भट्टी पेटविली नाहीं, चालविली नाहीं, आणि ती झळाळी डोळ्यांनीं पाहिलीहि नाहीं. जिनें खरोखर कारखाना राखला तिचें नांव त्या पाटीवर केवळ 'विधवा' या शब्दापुरतें उरलें, आणि पुढें बोलण्याच्या ओघांत तोहि शब्द गळला.

नांवापेक्षां देशाचा शिक्का अधिक भरंवशाचा, कारण तो अभिमानानें मारलेला नसून कायद्याच्या धाकानें मारलेला असतो. १८९० च्या अमेरिकन जकात-कायद्यान्वयें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. यामुळें लोट्झच्या निर्यातीच्या कांहीं भांड्यांवर 'लोट्झ, ऑस्ट्रिया' असें कोरलेलें आढळतें, कारण बोहेमिया त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होता. १९१८ च्या ऑक्टोबरांत चेकोस्लोव्हाकिया हें राष्ट्र जन्मास आलें. तेव्हां ज्या वाडग्याच्या बुडाशीं त्याचें नांव आहे तो त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. १९१० च्या सुमारास निघालेल्या आणि पुढें वीस वर्षें चाललेल्या भडक नारिंगी-पिवळ्या, काळ्या कांठाच्या वाडग्यांची कालनिश्चिति पुष्कळदां याच शिक्क्यावरून होते. मात्र हा शिक्का देश सांगतो, काळाची एक मर्यादा सांगतो, आणि तेथें थांबतो. कारखाना सांगत नाहीं.

म्हणून अक्षरें सोडून प्रत्यक्ष कांचेला विचारावें. वाडगा पालथा घालावा. बूड हें कांचेच्या भांड्याचें जन्मटिपण आहे. फुंकनळीच्या टोंकावर भांडें फुगवून झालें कीं त्याचें तोंड घडविण्यासाठीं बुडाशीं दुसरी लोखंडी सळई चिकटवितात आणि नळी तोडून घेतात. काम संपल्यावर सळईहि तोडतात, आणि तेथें एक व्रण राहतो. हा व्रण कोणी तसाच खडबडीत सोडतो, कोणी घासून वाटोळा गुळगुळीत खळगा करतो, कोणी सगळें बूडच सपाट घासून काढतो. आणि जेथें सळईऐवजीं चिमटा वापरतात तेथें व्रण उमटतच नाहीं. प्रत्येक कारखान्याची यांत एक संवय असते, आणि संवय लपविणें हें सही बनविण्यापेक्षां कठीण असतें. अंगावर साच्याच्या सांध्याच्या उभ्या रेषा दिसल्या तर भांडें दाबून किंवा साच्यांत फुंकून काढलेलें. रेषा नसून कांठ किंचित् कमीजास्त असला तर हाताचें. बुडाच्या कडेवर वर्षानुवर्षें टेबलावर सरकल्याचे ओरखडे सर्व दिशांना, लहानमोठे, विस्कळित असे असतात. कानशीनें किंवा घासकागदानें आणलेलें म्हातारपण एकाच दिशेच्या रेघांनीं ओळखूं येतें. आणि सहीच्या खांचा जुने ओरखडे छेदून गेलेल्या दिसल्या, तर अक्षर भांड्याहून धाकटें आहे हें निराळें सांगावयास नको.

येवढें करूनहि प्रश्न सुटतोच असें नाहीं. बूड प्रकार सांगतें, काळ सांगतें, क्वचित् प्रदेश सांगतें. पण कारागिरांचे पाय कोणीं बांधून ठेवले आहेत? टिफनीकडील मार्टिन बाख व दुसरे कांहीं लोक बाहेर पडले आणि १९०१ च्या सुमारास त्यांनीं 'क्वेझल' नांवाचा कारखाना काढला. त्याच बाखचा मुलगा १९२४ सालीं न्यू जर्सींतील ड्यूरँड यांच्याकडे गेला आणि घरची विद्या तेथें घेऊन गेला. तीन नांवें झालीं, पण हात एकाच गुरूचे. अशा ठिकाणीं घाट आणि झळाळी यांवरून निवाडा देणाऱ्याला गवयाचें घराणें कळलें, पण गवई कळला नाहीं असेंच म्हणावें लागेल.

निवाडा देतो तो कागद. लोट्झच्या कारखान्यांत प्रत्येक घाटाची मूळ आकाराएवढी कागदी कातरण ठेवलेली असे आणि तीवर अनुक्रमांक व कामासंबंधीं टिपणें लिहिलेलीं असत. सुदैवानें हीं कातरणें मोठ्या संख्येनें वांचलीं, आणि हेल्मुट रिके व त्याचे सहकारी यांनीं लोट्झवर १९८९ सालीं जर्मनींत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत त्यांची सूची दिली. आतां वाडगा हातीं घ्यावा, त्याची बाह्यरेषा कातरणाशीं ताडून पाहावी. जुळली तर क्रमांक मिळतो, क्रमांकावरून सुमाराचा काळ मिळतो. येथें साक्ष देणारा कागद विकण्यासाठीं केलेला नव्हता. कारागिराच्या सोयीसाठीं केलेला होता, आणि म्हणूनच तो विश्वसनीय.

या ताडून पाहण्याचें एक अनपेक्षित फळ निघालें. पूर्वीं 'लोट्झ' म्हणून बिनदिक्कत खपणाऱ्या अनेक भांड्यांचे घाट या कातरणांत कोठेंच सांपडेनात. कांच बोहेमियाची खरी, काळहि तोच, पण भट्टी ती नव्हे. मग अभ्यासकांचें लक्ष शेजाऱ्यांकडे गेलें. एलिओनोरेनहाइन येथें विल्हेल्म क्रालिकच्या मुलाचा कारखाना होता. लोट्झच्या तेलाच्या थेंबांसारख्या प्रसिद्ध ठिपक्यांशीं ताडून पाहावी अशी कांच तेथेंहि होई. उत्तर बोहेमियांत टेप्लिट्झजवळ रिंड्सकॉफ बंधूंची भट्टी होती. त्याच मुलखांतील पाल्मे-क्योनिग यांची कांच अंगावर गुंडाळलेल्या कांचतंतूंच्या जाळ्यावरून ओळखूं येते. हे सारे कारखाने त्या काळीं हजारों भांडीं जगभर पाठवीत होते, आणि तरीहि मागाहून जणूं एकट्या लोट्झनेंच बोहेमियाची सारी झळाळती कांच केली असा समज पसरला. लोट्झच्या भांड्यांवर टिफनीचें नांव चढलें, तसेंच क्रालिकच्या भांड्यांवर लोट्झचें चढलें. मोठ्या माशानें लहान माशास गिळावें असा हा क्रम आहे, आणि त्यांत सर्वांत लहान मासा सर्वांत आधीं नाहींसा होतो.

येथें कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वींच्या एका वाडग्यावर हें नांव पडलें काय किंवा तें पडलें काय, त्यांत एवढें बिघडलें कोठें? याचें उत्तर या कारखान्यांचें पुढें काय झालें यांत आहे. लोट्झची पेढी १९११ सालींच दिवाळ्यांत गेली होती. नंतर ती कशीबशी उभी राहिली. १९३८ सालीं जर्मनीनें हा मुलूख गिळला. महायुद्ध संपल्यावर, १९४५ व १९४६ या वर्षांत, चेकोस्लोव्हाकियांतील सुमारें तीस लाख जर्मनभाषी लोकांना देश सोडावा लागला. नाझी राजवटीनें त्या देशावर केलेल्या अत्याचारांची ती प्रतिक्रिया होती. परंतु तींत अपराधी व निरपराधी असा निवाडा झाला नाहीं. बोहेमियाच्या कांचधंद्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें त्यांत गेलीं. गाब्लोन्झ या मणी-बांगड्यांच्या गांवचे कारागीर बव्हेरियांत काउफबॉयरनजवळ जाऊन राहिले आणि त्यांनीं नव्या वसतीस जुन्या गांवाचेंच नांव दिलें: नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवें गाब्लोन्झ. मागें कारखाने सरकारजमा झाले. क्लोस्टरम्यूलेची भट्टी १९४७ सालीं कायमची विझली. माणसें एकीकडे, भट्ट्या दुसरीकडे आणि वह्या-नमुने तिसरीकडे अशी फांकाफांक झाल्यावर एखाद्या लहान कारखान्याचें जगांत काय उरतें? तेथें झालेलीं भांडीं उरतात. तीच त्याची वही, तोच त्याचा शिलालेख. त्या शिलालेखावर दुसऱ्याचें नांव कोरून ठेवणें म्हणजे जें देशांतरानें पुरें पुसलें नाहीं तें आपल्या हातानें पुसून टाकणें होय.

हा विषय आपल्याकडे वाटतो तितका दूरचाहि नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांत येणाऱ्या कांचेच्या बांगड्यांचा मोठा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीहून, म्हणजे मुख्यतः याच बोहेमियांतून येत असे. ज्यांच्या घरचा माल व्हिएन्ना-पॅरिसच्या प्रदर्शनांत झळके त्यांच्याच शेजारच्या भट्टींतली कांच मराठी सुवासिनीच्या हातांत किणकिणत होती, आणि ती कोणी केली हें कासारालाहि ठाऊक नव्हतें. या परावलंबनाची जाणीव झाल्यावर अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें, तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. परदेशांत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याची प्रथम घडी बसविली. येथें शिकलेले तरुण पुढें देशभरच्या कारखान्यांत गेले. १९१६ सालीं निघालेल्या ओगले यांच्या कारखान्यामुळें कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली. उत्तरेकडे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनें तर साच्याची इंद्रधनुषी कांचहि काढली, आणि तिच्या कांहीं फुलदाण्यांवर 'जैन' हीं रोमन अक्षरें साच्यांतच उमटविलीं. त्या अक्षरांमुळें त्या फुलदाण्यांचा कर्ता आज निश्चित सांगतां येतो. परंतु आपल्याकडील इतर भट्ट्यांचें काय? तळेगांवीं शिकलेल्या मुलांनीं फुंकलेला पेला, चिमणी किंवा बरणी आज आपल्या घरांत असली तरी ती आपण कशावरून ओळखणार? बोहेमियाच्या कारखान्याची कागदी कातरण जपली गेली म्हणून त्याला आपला माल परत मिळाला. आपल्या कारखान्यांचे साचे, नमुन्यांच्या वह्या व दरपत्रकें जेथें कोठें धूळ खात पडलीं असतील तेथून तीं उचलून जतन केलीं नाहींत, तर आपल्याहि कांचेवर उद्यां कोणी परक्याचें नांव लिहील, आणि तें खोडण्यास आपल्यापाशीं आधार नसेल.

शेवटीं त्या निळसर हिरव्या वाडग्यास काय म्हणावें? अक्षर नाहीं, देशाचा शिक्का नाहीं. घांसलेला खळगा आणि हातानें मुडपलेला कांठ एवढें सांगतात कीं हें साच्यांतून दाबून काढलेलें जत्रेचें भांडें नव्हे. बुडाची व कांठाची संवय बोहेमियाकडील निघाली, झळाळी १९०० च्या आसपासची ठरली, पण घाट कातरणांत सांपडला नाहीं, असें समजूं. अशा वाडग्याखालीं चिठ्ठी लिहावयाची ती एवढीच: 'बोहेमिया, सुमारें १९००, कारखाना अनिश्चित.' बाजाराला ही चिठ्ठी दरिद्री वाटेल. आमच्या दृष्टीनें ती श्रीमंत आहे, कारण तिच्यांतील प्रत्येक शब्दामागें कांचेची साक्ष उभी आहे, आणि जेथें साक्ष संपते तेथें लेखणीहि थांबली आहे. शिवाय जागा मोकळी ठेविली म्हणजे उद्यां एखाद्या जुन्या पेटाऱ्यांतून कोणा लहान भट्टीची नमुन्यांची वही निघाली तर तिचा खरा धनी तेथें येऊन बसूं शकेल. आपणच घाईनें दुसऱ्या कोणास त्या जागीं बसवून ठेविलें, तर तो बिचारा उंबऱ्यावरूनच परत जाईल.